मीटरच्या कपाटातले आकडे

मंगळवार, ३

आज पेटी पुन्हा बेशुद्ध पडली. सकाळी १०:३४ ला फोनवर निरोप : ‘संपर्क तुटला.’ १२:०६ ला दुसरा : ‘संपर्क जोडला.’ मधला दीड तास मी लॅबमध्ये लोकांच्या रक्ताच्या नळ्या हाताळत होते आणि माझं स्वतःचं रक्त आटत होतं.

ही वही आजपासून फक्त पेटीसाठी. लॅबच्या मोठ्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, जे लिहिलं नाही ते घडलं नाही. तेव्हा लिहिते. पेटी मीटरच्या कपाटात बसवलेली आहे. पुढच्या दाराला एक चुंबकाचा तुकडा, बाबांच्या गळ्यात एक लाल बटण. दार उघडलं किंवा बटण दाबलं की पेटीने इंटरनेटवरून तिघांना कळवायचं : कंपनीच्या कक्षाला, मला आणि वन्संना. एवढं एकच काम, आणि तेही तिला झेपत नाही.

बाबा म्हणजे माझे सासरे. वय एक्याऐंशी. गेल्या वर्षी रेल्वेच्या पादचारी पुलावरून घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. आता काठीशिवाय चालतात, पण एकट्याने उंबरठा ओलांडायचा नाही असा वन्संचा, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेचा, हुकूम आहे. मलाही तो पटलेला आहे. माझा नवरा जाऊन चार वर्षं झाली. घरात आम्ही दोघंच. मी कामावर असताना ते पडले आणि पेटी मुकी असली तर कुणाला पत्ता लागणार?

बाबांनी जन्मभर टेलिफोन एक्सचेंजमध्ये काम केलं. म्हणजे घरचाच वैद्य. त्यांना विचारलं तर म्हणाले, “सूनबाई, आधी तार बघ. शंभरातली नव्वद दुखणी तारेत असतात.”

बुधवार, ४

वन्संचा फोन. ‘संपर्क तुटला’चे निरोप त्यांनाही जातात. एक-दोन महिने त्या मोजत होत्या म्हणे. माझ्याआधी त्यांनी वही घातलेली दिसते.

“हे बघ, तुझ्यावर माझा राग नाही,” म्हणाल्या. ही त्यांची रागाची पहिली पायरी. “पण महिना संपायच्या आत मला दहा दिवस सलग हवेत. एकदाही तुटता कामा नये. नाहीतर बाबांना मी इकडे आणते. मधली खोली रिकामी केलीय. शिवणयंत्रसुद्धा पॅसेजमध्ये आणून ठेवलंय.”

शिवणयंत्र हलवलं म्हणजे प्रकरण बोलण्यापुरतं नाही. ते यंत्र त्यांनी मुलाच्या लग्नातही हलवू दिलं नव्हतं.

त्यांचं घर चौथ्या मजल्यावर, तीन तासांच्या अंतरावर. आणि त्या बाबांच्या पोटच्या. मी कोण? सून, आणि ज्याच्यामुळे सून झाले तो माणूसच राहिला नाही. मला बाबा इथे हवेत. त्यांच्या भल्यासाठी हवेत असं मी सगळ्यांना सांगते. इथे वहीत खोटं कशाला लिहू, मला हे घर एकटीला नको आहे.

बाबांना यातलं काही सांगायचं नाही. उगाच जिवाला घोर. पेटी दुरुस्त करायची, विषय संपला.

शुक्रवार, ६

१०:३५ ते १२:१०. पुन्हा.

संध्याकाळी पेटीची तार बदलली. बाबांनी टॉर्च धरला. जुन्या तारेच्या टोकाची प्लास्टिकची खिट्टी तुटलेली निघाली. मी म्हटलं, “सापडला चोर! तार सैल बसायची.”

“खिट्टी तुटते वापरून वापरून,” बाबा म्हणाले.

“वापरून? पेटी बसवल्यापासून कुणी हात लावलाय हिला?”

बाबांनी टॉर्च दुसऱ्या हातात घेतला आणि म्हणाले, माझा हात दुखतो.

रविवार, ८

शनिवार चांगला गेला. आजही. पण आनंद मानायचा नाही, दोन नमुन्यांवरून निदान करत नाहीत.

सकाळी बाबा अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले होते. “अक्काकडे जायचं ना आज?” अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, वय श्याऐंशी. रुळांच्या पलीकडे राहते. पूल चढून गेलं तर दहा मिनिटं, गाडीने फाटकाला वळसा घालून पाऊण तास. फोनचा उपयोग नाही, कारण अक्काला अजिबात ऐकू येत नाही. एक्सचेंजमधल्या माणसाची बहीण बहिरी, यावर बाबा स्वतःच पूर्वी विनोद करायचे. पडल्यापासून भेट नाही. अकरा महिने झाले.

मी आजचा दिवस राउटरसाठी ठेवला होता. म्हटलं, “पुढच्या रविवारी नक्की. एकदा ही पेटी मार्गी लागू दे.”

“हां. पेटी आधी,” बाबा म्हणाले, आणि जाऊन शर्ट बदलून आले.

राउटर जाळीच्या खिडकीपासून हलवून कपाटाजवळ आणला. पेटीला कायमचा पत्ता नेमून दिला, म्हणजे राउटर तिची ओळख विसरणार नाही. चार तास गेले. काम मात्र चोख झालं.

मंगळवार, १०

१०:३४ ते १२:१२. कपाळ माझं!

एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा नियम मी रविवारी मोडला, त्याची ही शिक्षा. आता कोरं डोकं घेऊन बसले. एक गोष्ट मात्र कळली : बिघाड फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी होतो. हे दोनच वार असे की मी लॅबमधून बाराऐवजी दोनला येते, त्यामुळे नेमका मी घरी नसतानाच त्रास. दैव दुसरं काय. शेजारच्या इमारतीत त्या दिवशी पाण्याचा पंप चालत असेल का? जिना धुणारं यंत्र? चौकशी केली पाहिजे.

आणि एक मोठा शोध. मीटरच्या कपाटाच्या दाराला आतून पेन्सिलने आकडे लिहिलेले आहेत. अक्षर बाबांचं. ९, ९, १२, १४, १४, १८, २१. आणि शेवटचा, ताजा : २४. मला भरून आलं. मी इथे एकटी झगडतेय असं समजत होते आणि हा माणूस गुपचूप पेटीचे सिग्नल मोजून ठेवतोय!

“बाबा, हे आकडे तुम्हीच टिपलेत ना?”

ते जरा दचकले. “हो.”

“वाढतायत.”

“हां, वाढतायत,” म्हणाले. “मला तर चांगलं लक्षण वाटतं.”

आकडे वहीत उतरवून घेतले. आलेख काढणार आहे.

शुक्रवार, १३

पुन्हा. १०:३६. पंपवाल्या इमारतीत जाऊन आले. पंप बुधवारी चालतो. रखवालदाराने माझ्याकडे वेड्या बाईकडे बघावं तसं पाहिलं.

कपाटात नवा आकडा : ३०. आलेख सरळ वर चाललाय. सिग्नल एवढा सुधारतोय तर संपर्क तुटतो का? शिवाय नवा आकडा पडतो तो तुटण्याच्याच दिवशी. बाबा नेमके बिघाड चालू असतानाच मोजमाप घेत असणार. पद्धत म्हणून योग्यच आहे ती. आजारी माणसाचा नमुना आजारपणातच घ्यायचा.

हरणार नाही मी. कंपनीला चौथ्यांदा फोन केला. सोमवारी माणूस पाठवतायत.

सोमवार, १६

(काल अक्काकडे जाणं राहिलंच. लॅबमधून बोलावणं आलं. बाबा या वेळी शर्ट घालून बसले नव्हते, त्यामुळे बरं वाटलं.)

पेटीवाला आला. डोक्याला टक्कल, बोलण्यात घाई. सगळं तपासलं, सगळं ठणठणीत. मी त्याला आकडे दाखवले. तो बराच वेळ बघत राहिला. “बाई, ही कसली मापं आहेत? आमच्या पेटीत सिग्नल पाचापर्यंतच असतो.”

“सासऱ्यांची जुनी पद्धत असेल, एक्सचेंजमधली.”

“असेल,” म्हणाला. असल्या पद्धतींची त्याला सवय असावी.

बाबा अंघोळीला गेले होते, नाहीतर दोघांची जुंपली असती. जाता जाता त्याने पेटीत नवा प्रोग्रॅम भरला. म्हणाला, “यात एक सोय नवी आहे. आधी संपर्क नसताना घडलेल्या गोष्टी पेटी विसरून जायची. आता लक्षात ठेवेल, आणि लाइन आली की वेळेसकट पाठवेल.”

मला वाटलं, उशिरा सुचलेलं शहाणपण. बाबांना सांगायचं राहून गेलं.

मंगळवार, १७

१०:३५ संपर्क तुटला. १२:१९ जोडला. आणि त्याच मिनिटाला आणखी दोन निरोप : ‘पुढचं दार उघडलं, १०:३७.’ ‘पुढचं दार उघडलं, १२:१७.’

म्हणजे आमच्या घरात कुणीतरी येतं. आधी लाइन तोडतं, मग दार उघडून आत शिरतं, आणि पावणेदोन तासांनी निघून जातं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी! बाबा घरात असताना, त्यांच्या नाकाखालून!

धावत घरी आले. बाबा खुर्चीत, गाल लालबुंद, पाणी पीत होते. घरातली वस्तू न वस्तू जागेवर. बाबा घाबरतील म्हणून सहज विचारल्यासारखं विचारलं, “आज कुणी आलं होतं का?”

“कुणीसुद्धा नाही.”

“डोळा लागला होता?”

“छे गं, कसला डोळा लागतोय.”

तेच निरोप वन्संनाही गेले होते. त्यांचा आवाज ऐकवत नव्हता. “दहा दिवस गेले खड्ड्यात. या रविवारी गाडी गॅरेजमध्ये आहे, पुढच्या रविवारी, एकोणतीसला, मी बाबांना न्यायला येतेय. त्यांचे कपडे भरून ठेव.” काय बोलणार? त्यांच्या जागी मी असते तर आजच आले असते.

पण त्याआधी शुक्रवार आहे. चोर मी पकडणार. लॅबमध्ये रजा सांगितली. समोरच्या शिंप्याच्या दुकानातून आमचं दार स्वच्छ दिसतं.

कपाटात ३३.

शुक्रवार, २०

शिंप्याने मला स्टूल दिलं आणि एकही प्रश्न विचारला नाही. भला माणूस.

१०:३५ ला फोन वाजला : संपर्क तुटला. दोन मिनिटांनी दार उघडलं. आतून. बाबा बाहेर आले. पायात ते नाडीचे जुने बूट, जे मी माळ्यावर टाकले होते. कुलूप लावलं, ओढून बघितलं आणि निघाले.

मी मागोमाग, शंभर पावलांवरून. हाक मारावी असं वीस वेळा वाटलं. ते रस्त्याच्या टोकापर्यंत गेले, पुलाखालच्या बाकावर बसले, आणि मग डाव्या हाताने कठडा धरून पूल चढायला लागले. ज्या पुलावर ते पडले होते, तोच. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकायचे, मग पुढची. मी तिकीटखिडकीच्या आडोशाला उभी राहून मोजत होते. का मोजत होते कुणास ठाऊक, सवय. छत्तीसाव्या पायरीवर थांबले. वर बघितलं. अजून सहा उरल्या होत्या. मग सावकाश वळले आणि उतरायला लागले.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ९, ९, १२, १४. आलेख काढत होते मी. आलेख!

मी घरी गेले नाही, दर शुक्रवारसारखी दोनलाच गेले. विचारलं, “आज लाइन?”

“गेली होती मधे. आली परत,” बाबा म्हणाले. कपाटात ३६.

इतका राग मला आयुष्यात आला नव्हता. नवरा गेला तेव्हा देवावर आला होता, त्याच्या खालोखाल.

शनिवार, २१

भांडले. चांगली कडाडून भांडले. तीन आठवडे मी तारा बदलतेय, पंप शोधतेय, आणि तुम्ही स्वतःच तार काढून, वर टॉर्च धरून मजा बघताय? परत पडला असतात म्हणजे? ते बटण घराबाहेर चालत नाही, माहीत आहे ना?

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “दार उघडलं तर माझं नाव येतं. लाइन गेली तर कुणाचंच नाव येत नाही. चाळीस वर्षं बघितलंय मी, लाइन गेली म्हणून कुणी कुणाला बोल लावत नाही.”

“मला सांगायचं होतंत.”

“तुला तीनदा सांगितलं की. अक्काकडे जायचंय म्हणून. तू म्हणालीस, पेटी आधी.” रागाने नाही म्हणाले. म्हणून जास्त लागलं. “म्हटलं, आपले पाय आहेत तोवर दुसऱ्याच्या रविवारवर कशाला अवलंबून राहायचं. पूल चढता आला की सांगणारच होतो.”

मग मीही माझं गुपित सांगून टाकलं. दहा दिवस, रिकामी खोली, एकोणतीस तारीख. बाबांचा चेहरा एकदम उतरला. बराच वेळ बोटांनी टेबलाची कड चाचपत राहिले.

“मग नाही जात,” म्हणाले. “मला माहीत नव्हतं हे. लेकीकडे चार दिवस पाहुणा म्हणून जाईन. पण राहायचं ते इथेच. तार काढत नाही यापुढे. तिला कळव.”

सोमवार, २३

तीन दिवस झाले. पेटीचा हिरवा दिवा क्षणभरही विझलेला नाही. निरोप नाही, बिघाड नाही. काल मी म्हटलं, चला, गाडीने अक्काकडे नेते. तर म्हणाले, नको, बरं नाही वाटत. बूट स्वतःच पुसून माळ्यावर ठेवायला माझ्याकडे दिले. दिवसभर खुर्चीत बसतात. विचारलं तर हसतात.

वन्संना हे तीन दिवस दाखवून आणखी मुदत मागता येईल. मागितली तर मिळेलही. दहा दिवस भरतील, बाबा इथे राहतील, आणि मला हवं होतं ते सगळं मिळेल. हेच हवं होतं ना मला?

आज त्या दिव्याकडे बघून मला रडू आलं. मी या माणसाला वन्संच्या चौथ्या मजल्यावरून वाचवायला निघाले होते आणि इथेच त्याचा चौथा मजला करून ठेवलाय.

ठरलं माझं. लपवाछपवी बास. तार जागेवर राहील, दारही उघडेल.

मंगळवार, २४

सकाळी निघताना बूट त्यांच्या खुर्चीपुढे ठेवले. नाड्या सैल करून. एक मोबाइल त्यांच्या खिशात घातला.

बाबा बुटांकडे बघत राहिले. “निरोप जाईल. तिलाही जाईल.”

“जाऊ दे. त्याच कामासाठी आहे पेटी.”

“आणि मग?”

“मग माझं मी बघते. तुम्ही पायरीकडे बघा.”

लॅबमध्ये एकेका नळीवरची चिठ्ठी तीनतीनदा तपासली. १०:३८. ‘पुढचं दार उघडलं.’ त्याच्या आधी ‘संपर्क तुटला’ नव्हतं. अर्ध्या मिनिटात वन्संचा फोन. मी बाहेर जिन्यात गेले.

“अगं, दार उघडलं! आत्ता! तो चोर...”

“चोर नाही, वन्सं. बाबा आहेत. बाहेर गेलेत.”

“कुणाबरोबर?”

“एकटे. अक्काकडे. पूल चढून.”

मग भडका. “आणि तू जाऊ दिलंस?”

“बूट मीच पुढे ठेवले.”

“डोकं फिरलंय का तुझं? पडले म्हणजे? तोंड दाखवशील मला?”

“पडले तर मी उचलेन, वन्सं. मागच्या वेळीही मीच उचललं होतं.” माझा आवाज चढला, जिन्यातल्या दोन माणसांनी वळून बघितलं, बघू देत. “तुम्ही तुटलेले निरोप मोजत होतात, मी तारा बदलत होते, आणि त्या वेळात ते एकेक पायरी वाढवत होते. नऊपासून सुरुवात केली त्यांनी. शुक्रवारी छत्तीस चढले, मी स्वतः मोजल्या. त्यांना न्यायचं तर तुम्ही मुलगी आहात, न्या. पण आजारी म्हणून नेऊ नका. आणि मी तुमच्यापासून आता काही लपवणार नाही. दार उघडेल तेव्हा निरोप येईल.”

मला वाटलं फोन ठेवला. मग त्यांनीच हळू आवाजात विचारलं, “बेचाळीस पायऱ्या आहेत ना त्या पुलाला?”

“तुम्हाला कसं माहीत?”

“त्याच पुलावर मला आकडे शिकवलेत बाबांनी. एका पायरीला एक. तिसाव्या पायरीनंतर मला उचलून घ्यायचे.” आणि मग खरंच ठेवला.

बारा वाजले, साडेबारा, एक. खिशातल्या मोबाइलवर फोन करायला दहा वेळा हात गेला. केला नाही. चढत असले तर हात कठड्यावर हवा. सव्वाला मोठ्या बाई म्हणाल्या, तुझ्याकडून आज काम होत नाही, बस जरा. एक वाजून बावन्न मिनिटांनी : ‘पुढचं दार उघडलं.’ वन्संना कळवायला फोन उचलला आणि खाली ठेवला. त्यांनाही तोच निरोप त्याच क्षणी गेला होता.

घरी आले तेव्हा बाबा बूट न काढताच खुर्चीत, पाय लांब करून. घामाने शर्ट चिकटलेला. इस्त्रीचा शर्ट.

“भेटली?”

“झोपली होती. उठवली.”

“काय म्हणाली?”

“म्हणाली, इतका उशीर का केलास,” आणि बाबा हसायला लागले, ते थांबेचनात. हसता हसता डोळे पुसले. मी पण.

कपाट उघडून पाहिलं. दिवा हिरवा. दारावर ३६ च्या खाली, जरा वाकड्या अक्षरात : ४२ + ४२.

संध्याकाळी सहाला वन्संचा निरोप आला. एकच ओळ. ‘शिवणयंत्र परत खोलीत नेलं. फार जड आहे.’

मी बाबांना वाचून दाखवला. त्यांनी दोनदा वाचायला लावला. मग म्हणाले, “तिला लिही, असली वजनं एकटीने उचलू नकोस म्हणावं. पडशील.”